गिरकी चुकली कोणाची?

प्रश्न: ताई, मी ४६ वर्षांची, नवरा पन्नाशीचा. राहायला चिंचवडला. लेक शिकायला बंगळुरूला गेली आणि संध्याकाळी घर खायला उठायला लागलं, म्हणून आम्ही दोघांनी पार्टनर डान्सचा क्लास लावला. निमित्तही होतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राच्या मुलीचं डिसेंबरात मडगावला लग्न आहे आणि तिथे म्हणे पाहुणे नुसते खुर्च्यांवर बसत नाहीत. पॅकेजमध्ये सहा नाच आहेत: वॉल्ट्झ, चा-चा-चा, रुंबा, जाइव्ह, साल्सा आणि बचाता.

दोन महिने झाले, नाच कमी आणि भांडणं जास्त होतायत. नवरा इंजिनीअर. त्याला सगळ्या स्टेप्स क्रमाने पाठ असतात. साल्सातली साधी उजवी गिरकी फसली की तो थांबतो आणि सगळ्यांसमोर मला समजावून सांगतो. मीही आता वैतागून, पुढे काय येणार हे माहीतच असतं म्हणून, त्याची वाट न बघता वळून मोकळी होते. गंमत म्हणजे सर जोड्या बदलायला लावतात तेव्हा बाकीच्यांबरोबर माझी तीच गिरकी नीट होते. हे बोलून दाखवलं तर दोन दिवस अबोला. आता त्याचं म्हणणं, जोड्या बदलायच्याच नाहीत, ‘मी माझ्या बायकोबरोबर नाचायला पैसे भरलेत.’ त्यात क्लासने इन्स्टाग्रामवर टाकलेला आमच्या बॅचचा बचाताचा व्हिडिओ धाकट्या जावेने घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला. खाली नुसता तोंडावर हात ठेवलेला इमोजी. माझा उजवा गुडघाही अधूनमधून दुखतो. चूक कोणाची आहे? आणि या वयात हे सोडून द्यावं का?
– गिरकीत अडकलेली, चिंचवड

उत्तर:

गिरकी तुमच्या नवऱ्याची चुकते आहे. हे वाक्य त्याला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण दाखवणार असाल तर पुढचंही सगळं दाखवा, कारण एक चूक तुमच्याही पदरात आहे आणि ती लहान नाही.

आधी त्याची. साल्साचं चक्र आठ मोजण्यांचं. पावलं १-२-३ वर आणि ५-६-७ वर पडतात, ४ आणि ८ ला थांबायचं. आपल्याकडे बहुतेक क्लासमध्ये ‘ऑन वन’ शिकवतात: एकला पुरुष डावा पाय पुढे टाकतो, बाई उजवा पाय मागे. साध्या उजव्या गिरकीत तुम्ही वळता त्या ५-६-७ वर. पण वळायचं आहे ही बातमी तुमच्यापर्यंत त्याआधीच, तीनच्या सुमाराला पोहोचायला हवी. तेव्हाच त्याचा हात वर जायला लागला पाहिजे. ज्यांना स्टेप्स क्रमाने पाठ असतात ते लोक मनात ‘पाच, गिरकी’ असं म्हणतात आणि पाचला हात उचलतात. तोवर तुमचं पाचचं पाऊल सरळ पडून गेलेलं असतं. मग गिरकी सहाला सुरू होते, सातला तोल जातो आणि आठला भांडण.

बाकीच्यांपैकी एक-दोघांचा हात वेळेवर जात असणार. म्हणून बाई तीच, गिरकी तीच आणि निकाल वेगळा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. सरांना तुमच्या दोघांच्या गिरकीचा व्हिडिओ फोनवर स्लो मोशनमध्ये काढायला सांगा आणि हात कधी उठतो ते बघा. इंजिनीअर माणसाला बायकोचं म्हणणं पुरत नाही, पुरावा लागतो. त्याच व्हिडिओत आणखी दोन गोष्टी तपासा. गिरकीच्या वेळी त्याचा अंगठा तुमच्या बोटांवर दाबलेला आहे का? असेल तर मनगट पिरगळतं. अंगठा मोकळा सोडून तुमची बोटं त्याच्या बोटांभोवती फिरू द्यायची. आणि त्याचा हात तुमच्या डोक्याच्या बरोबर वर आहे की पुढे ओढलेला? पुढे असेल तर तुम्ही वळत नाही, फरफटत जाता.

पार्टनर डान्समध्ये लीड करणाऱ्याने आधी सुचवायचं आणि फॉलो करणाऱ्याने ते कळल्यावर करायचं. एखादी गोष्ट घडलीच नाही, तर पहिली शंका सुचवणाऱ्यावर घ्यायची. यात बायकांची कड घेण्याचा प्रश्न नाही. उद्या तुम्ही लीड केलंत तर ती शंका तुमच्यावर येईल. तुमच्या घरात गंमत अशी झाली आहे की ज्याचा निरोप उशिरा पोहोचतो तोच समोरच्याला ऐकायला शिकवतो आहे.

आता तुमची चूक. पुढची स्टेप माहीत आहे म्हणून आपणहून वळून टाकणं. नाचणारे याला बॅक-लीडिंग म्हणतात, आणि चांगल्या, हुशार, मदत करायला धावणाऱ्या बायका ते सर्वांत जास्त करतात. तुम्ही वेळेवर वळलात की त्याचा उशीर झाकला जातो आणि त्याला वाटतं, जमलं. मग एखाद्या दिवशी तुम्ही वळला नाहीत की अर्थातच ‘हिचं चुकलं’. त्याचा हात उशिरा येतो हे त्याला कधी कळणार? तुम्ही खरोखर वाट बघाल तेव्हाच. हात आला नाही तर बेसिक, म्हणजे मूळ पावलं, करत राहा. रुसून नव्हे, निवांतपणे. आणि त्याला सांगा की क्लासमधला क्रम मोडून गिरकी कधीही दे, दोनदा दे, मुळीच देऊ नको. क्रम मोडल्याशिवाय तुमची पाठांतराची सवय जाणार नाही आणि त्याचीही नाही.

हातातल्या ताणाबद्दल. तुम्ही लहानपणी फुगडी घातली असेल, निदान मंगळागौरीला कोणीतरी ओढून नेलं असेल. फुगडीत हात घट्ट धरावे लागतात असं बघणाऱ्याला वाटतं, पण खरं काम मागे झुकलेल्या दोन वजनांचं असतं. एकीने कोपर ढिलं सोडलं की दोघी आपटतात, आणि एकीने नुसतं ओढलं तरी तेच. जाइव्हच्या रॉक स्टेपला दोघं एकमेकांपासून मागे पाऊल टाकतात तेव्हा हातात अगदी तोच ताण हवा, फक्त त्याच्या पावपटीने. तुमच्याकडे तो आधीपासून आहे. नवरोबांनी बहुधा कधीच फुगडी घातली नसेल, तेव्हा हॉलमध्ये सोफा सरकवून दोन फुगड्या घाला. मी थट्टा करत नाही आहे.

याच्या पुढचा उपाय त्याला आवडणार नाही: काही आठवडे त्याने फॉलो करायचं, तुम्ही लीड करायचं. अर्जेंटिनातल्या ब्यूनस आयर्समध्ये टँगोच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे १९४० च्या आसपास, तरुण पोरं पुरुषांच्याच सरावाला जात आणि तिथे आधी कितीतरी दिवस बाईची बाजू नाचत. ती अंगात मुरली की मग लीड करायची परवानगी, असं त्या काळातले नाचणारे सांगत आले आहेत. कारण उघड आहे. उशिरा आलेला हात कसा लागतो हे ज्याच्या अंगाला कळलं, तो पुन्हा हात उशिरा उचलत नाही. शब्दांत सांगून हे पोहोचत नाही, तुम्ही करून बघितलंच आहे. घरीच करा, क्लासमध्ये त्याला लाज वाटत असेल तर.

आणि बोलणं बंद. गाणं चालू असताना दोघांनीही एक अक्षर बोलायचं नाही, ‘सॉरी’सुद्धा नाही. फसलं की बेसिकवर यायचं. गाणं संपल्यावर बोलायचं तर फक्त स्वतःला काय जाणवलं तेवढंच: ‘मला हात उशिरा कळला’, ‘माझं वजन उजव्या पायावर राहिलं’. ‘तू’ने सुरू होणारं वाक्य त्या खोलीत नको. दुरुस्त्या करायला सरांना पैसे दिलेले आहेत.

जोड्या बदलायच्या का? हो, बदलायच्या. त्याचं म्हणणं मला कळतं, आणि त्यात थोडी असूया असेल तर तीही माणसासारखीच आहे. पण दोन नवशिके कायम एकमेकांबरोबरच नाचले की दोघंही एकमेकांच्या चुकांना सरावतात. त्याचा उशीर तुम्हाला सवयीचा होतो, तुमची घाई त्याला. दोघांची मिळून एक खासगी भाषा तयार होते जी मडगावात कोणालाच कळणार नाही. चार वेगवेगळ्या बायकांबरोबर गिरकी चारदा फसली की कोणी काही न बोलता त्याला बातमी मिळेल. आणि एखादी मुरलेली फॉलोअर भेटली तर हलका हात कसा पुरतो तेही त्याच्या हाताला कळेल. क्लासपुरतं बदला. पार्टीत किंवा लग्नात फक्त एकमेकांबरोबर नाचायचं असेल तर खुशाल नाचा. ब्यूनस आयर्सच्या जुन्या वळणाच्या मिलोंगांतही, म्हणजे टँगोच्या नाच-पार्ट्यांतही, एका टेबलावर शेजारी बसलेल्या जोडप्याला सहसा कोणी नाचायला बोलवत नाही. तुमच्या बाजूने एक अट मात्र ठेवा: ज्याचा हात नको तिथे जातो त्याला गाण्याच्या मध्यावर सोडून यायचा तुम्हाला हक्क आहे. कारण द्यायची गरज नाही. सरांच्या कानावर घालायचं.

आता पॅकेज. एकाच पॅकेजमध्ये सहा नाच हा प्रकार नाच शिकवण्यासाठी नसतो, सहा नाचांची तोंडओळख करून पुढचं पॅकेज विकण्यासाठी असतो. क्लासवाल्यांचं पोट त्यावर आहे, मी दोष देत नाही. पण तुमच्यापुढे तारीख आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नाच्या रिसेप्शनला काय वाजतं ते बघा: वधूवरांचा पहिला नाच, तो बहुतेक वेळा वॉल्ट्झ, वेडिंग मार्च, मग जाइव्ह, भरपूर जाइव्ह, मध्ये चा-चा-चा, आणि रात्र चढली की कोकणी गाण्यांचा ‘मसाला’, ज्यात कोणाची पावलं कोण बघतो! साल्सा-बचाता वाजलेच तर एखादं गाणं. तेव्हा डिसेंबरपर्यंत जाइव्ह आणि वॉल्ट्झ. दोनच. उरलेले तास त्यावर वळवून घेता येतील का हे क्लासमध्ये स्पष्ट विचारा. साल्सा जानेवारीत पुन्हा सुरू करा, गिरकीचं भांडण तेव्हा निस्तरू.

जाइव्हचं मूळ न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या काळ्या लोकांच्या स्विंग नाचांत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांबरोबर ते ब्रिटनला गेले, तिथल्या डान्स मास्तरांनी त्यांना शिस्त लावली आणि आज स्पर्धांमधल्या पाच लॅटिन नाचांत जाइव्ह बसते. स्पर्धेची जाइव्ह मिनिटाला ४२ ते ४४ बार (इथे एक बार म्हणजे चार ठोके), म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास ठोके, वर गुडघे उचलून किक. ती तुमच्या गुडघ्याला नको आणि लग्नातही नको. तिथे सत्तरीच्या आंट्या नाचतात ती जाइव्ह जमिनीलगतची असते, किक नाही, उड्या नाहीत, आणि तरीही ठेका सुटत नाही. वांद्रे-वसईकडे ईस्ट इंडियन, म्हणजे तिथले मूळचे ख्रिस्ती, ओळखीचे कोणी असतील तर त्यांच्या घरच्या लग्नाला आधी जाऊन नुसतं बघत बसा. कोणी आंटी नवरोबांना ओढून नेत असेल तर नेऊ द्या, इतका चांगला धडा फुकट मिळत नाही.

एक खाचखळगा आधीच सांगते, म्हणजे नवीन भांडण टळेल. जाइव्हचं बेसिक सहा मोजण्यांचं आहे: रॉक स्टेप १-२, मग ३-आणि-४, ५-आणि-६. गाणं मात्र चार-चारच्या हिशेबात चालतं. म्हणजे पहिल्या बेसिकचा एक गाण्याच्या एकवर पडला, तर दुसऱ्याचा मध्येच कुठेतरी पडेल. साल्साचे आठ मोजून आलेल्या माणसाला इथे वाटतं की आपण चुकलो, आणि तो थांबतो. थांबायचं नाही. तिथे काहीही चुकलेलं नसतं. ३-आणि-४ धावपळीचं वाटलं तर सरळ एक-एक पाऊल टाका, कोणी गुण कापणार नाही.

वॉल्ट्झ तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे, कारण कान तयार आहे. दादरा ऐकत आपण मोठे झालो. धा धी ना, धा ती ना: दादऱ्याचं एक आवर्तन म्हणजे वॉल्ट्झचे दोन बार. फरक इतकाच की दादऱ्यात चौथ्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे बिनजोराची मात्रा, येते, डग्गा मिटतो. वॉल्ट्झमध्ये दर तिसऱ्यानंतरचा एक तितकाच भरीव हवा. स्लो वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बार, चालण्याच्या बेताचा. एकला मोठं पाऊल, दोनला बाजूला, तीनला पाय जुळवायचे. ते वर उठणं-खाली येणं टीव्हीवर छान दिसतं, तुम्ही त्याच्या नादी लागू नका. बॉक्स स्टेप (पावलांनी जमिनीवर चौकोन काढणं) आणि तिला थोडं थोडं डावीकडे वळवणं इतकं आलं की लग्नापुरतं भागतं. नवरोबांचा उजवा हात तुमच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर हवा, कमरेवर नाही; कमरेवर असला की तुम्हाला त्याच्या छातीची दिशा कळत नाही आणि मग पुन्हा अंदाज बांधणं आलं. वॉल्ट्झमध्ये सगळी मंडळी घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. फिरणारे बाहेरच्या कडेने, जागच्या जागी नाचणारे मध्यभागी. बॉक्स करणार असाल तर मध्यात जा, कडेला उभे राहून वाहतूक अडवू नका.

रोज घरी दहा मिनिटं, दोघांनी वेगवेगळं, एकाच गाण्यावर. जोडीने नाही. आपलं वजन आत्ता कोणत्या पायावर आहे हे ज्याला कोणत्याही क्षणी सांगता येतं त्याच्या निम्म्या अडचणी सुटतात, आणि ते एकट्यानेच शिकता येतं. आठवड्यातून दोनदा जोडीने, तीन गाणी, मुक्याने.

वय: ४६ हे या नाचांत काही वय नाही, पुढे जाऊ या. तुम्हाला पुरावा हवाच असेल तर २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या पंच्याहत्तरीपुढच्या ४६९ माणसांचा. शरीराच्या हालचालींच्या यादीतल्या फक्त नाचाचा स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध दिसला. संबंध दिसला म्हणजे नाचाने आजार टळतो असं नाही. ज्यांची तब्येत मुळात धड आहे तेच नाचायला जात असतील. आणि ही माणसं नवऱ्याशी भांडत नाचायची की न भांडता, तेही त्यात नाही.

गुडघ्याचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही क्लासला स्पोर्ट्स शूज घालून जाता ना? रबरी तळ जमिनीला चिकटतो, शरीर वळतं, पाय वळत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. तळाला स्वेड चामडं लावलेले डान्स शूज मिळतात. नाहीतर जुन्या, घट्ट बसणाऱ्या, घोट्याला पट्टा असलेल्या सँडलला मोच्याकडून स्वेड लावून घ्या. टाच दीड-दोन इंच, रुंद. ते घालून रस्त्यावर चालायचं नाही, पिशवीतून न्यायचे. गिरकी पायाच्या चवड्यावर घ्या, टाच टेकवून नाही. शूज बदलूनही पंधरा दिवसांत दुखणं कमी झालं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. लग्न लॉनवर असेल तर स्वेड ओल्या गवतात खराब होतं, तिथे चामडी तळाचं काहीतरी न्या. आणि साडी नेसणार असाल तर नेहमीपेक्षा इंचभर वर नेसा आणि पदर पिनेने पक्का करा. वॉल्ट्झमध्ये तुम्ही उलट्या चालता, तेव्हा मागून काठ टाचेत येतो आणि पुढून त्याचा बूट निऱ्यांवर. घरच्या सरावात दोनदा तरी साडी नेसून नाचून बघा. बांगड्या, घड्याळ, खड्याची अंगठी काढून ठेवायची. तुम्हाला नाही तर पार्टनरला लागतं.

बचाताचा व्हिडिओ. क्लासला लेखी कळवा की आम्हाला विचारल्याशिवाय आमचं चित्रण टाकायचं नाही आणि टाकलेलं काढायचं. हा तुमचा अधिकार आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बचाता मूळची डोमिनिकन रिपब्लिकची. तिथल्या साध्या नाचात पावलांचं काम जास्त आणि दोघांत अंतर ठेवूनही ती छान नाचता येते. क्लासमध्ये जे अंगाला अंग लावून लाटा काढणं शिकवतात ती स्पेनमध्ये घडलेली अलीकडची शैली आहे. ती आवडली तर नाचा, नाही आवडली तर ‘आम्ही ओपन होल्डमध्ये, म्हणजे अंतर ठेवून, करतो’ इतकं सांगितलं की पुरे. जावेला उत्तर देऊ नका. त्या इमोजीवर तुम्ही काय लिहिता याची वाट बघण्यातच तिची मजा आहे.

नोव्हेंबरात जमलं तर दोघांसाठी एक खासगी तास घ्या, फक्त जाइव्हसाठी, आणि त्या तासाला सरांना सांगा की आम्हाला नवीन काही शिकवू नका, आहे तेच तपासा. मडगावात पहिल्या वॉल्ट्झला लगेच उठू नका, तो वधूवरांचा. सूत्रसंचालक बाकीच्यांना बोलावतो तेव्हा उठायचं. वेडिंग मार्चला मात्र जरूर जा. त्यात जोड्या लावून पुढच्या जोडीमागे चालायचं असतं, गिरकी नसते.